चौथं चाक

दसरा आठ-दहा दिवसांवर आला की आमच्या उपनगरात थिनरचा वास सुटतो. कोणी खिडकीची ग्रिलं रंगवायला काढतं, कोणी बाहेरचं जाळीचं दार, कोणी नुसतंच देवघराचं कपाट. दिवाळीआधी घर उजळलं पाहिजे, ही घाई. पाऊस गेलेला असतो, पण हवेतली ओल गेलेली नसते. दुपारचं ऊन डोक्यात जातं आणि तरी दोरीवरचे कपडे संध्याकाळी हाताला दमट लागतात. लोक या दिवसांना ऑक्टोबर हीट म्हणून शिव्या घालतात आणि मोकळे होतात. मला एके काळी हे दिवस आवडायचे. परवा सकाळी कामावर निघालो तर आमच्याच जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या बाई स्टुलावर चढून दाराला रंग देत होत्या. तो वास नाकात गेला आणि मी स्कूटरची किल्ली हातात धरून तिथेच उभा राहिलो. बाईंना वाटलं, मला वाट हवी आहे. म्हणाल्या, "जा हो, जागा आहे. फक्त हात नका लावू."

माझं काम गाड्या बघण्याचं आहे. ठोकलेली गाडी गॅरेजात आली की विमा कंपनी मला पाठवते. मी जातो, वाकून बघतो, फोटो काढतो आणि दिसलं ते लिहितो. 'डाव्या दारावर चेपा, जुना' असं लिहिलं की गाडीचा मालक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, पण मी लिहितो. न दिसलेलं मी कधी दिसलं म्हणून लिहिलं नाही आणि दिसलेलं कधी लपवलं नाही. या गोष्टीची मला घमेंड होती. बायको म्हणायची, तुझ्याकडून साडीबद्दल एक चांगला शब्द काढून घ्यायचा तर आधी अर्ज करावा लागेल.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मी घाटकोपरला, तो मुलुंडला. त्याची सगळी नोकरी लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात गेली, जिथे आता तीस-तीस मजल्यांचे टॉवर आहेत आणि त्यांच्या फाटकावर कारंजं आहे. दादा तिथे फिनिशिंग खात्यात होता. यंत्रांचे भाग घासायचे, गुळगुळीत करायचे, रंगवायचे. तो खात्यात नवीन पोरांना एकच गोष्ट शिकवायचा म्हणे: डोळ्याने बघू नका, बोटाने बघा. डोळ्याला जिथे सगळं सपाट दिसतं तिथे बोटाला केसाएवढी रेघ लागते. हे तो मलाही शंभरदा सांगायचा आणि मी शंभरदा "हो रे" म्हणायचो.

त्याची गाडी जुनी होती, सेकंडहँड घेतलेली, पण तिला मॅगव्हील होती. म्हणजे ॲल्युमिनियमची चाकं, पाच आऱ्यांची, चकचकीत. लोखंडी चाकावर प्लास्टिकची टोपी घालून फिरणाऱ्या आमच्यासारख्यांच्या डोळ्यांत ती खुपायची. दादा-वहिनींना मूलबाळ नाही. घरातले जे काय लाड व्हायचे ते त्या गाडीचे झाले. दर रविवारी दादा दात घासायच्या जुन्या ब्रशने आऱ्यांमधली ब्रेकची काळी भुकटी काढत बसायचा आणि वहिनी वरून हाका मारायच्या, "अहो, आधी आपली आंघोळ करा, मग गाडीची."

हे सगळं सांगतो आहे, पण मुख्य गोष्ट सांगायला मन धजत नाही. ती अशी. गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. त्याआधीची दोन वर्षं त्या गाडीच्या डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांवर ओरखडे वाढत होते. फुटपाथच्या कडेला चाक घासलं की कसे येतात, तसे. आधी एखाददुसरा, मग कडेचा सगळा गोल खरवडलेला. माझा धंदाच तो, मला दिसले नसते तरच नवल. मी ते पाहिले, आणि दादाला काय म्हणालो? म्हणालो, "काय रे, फुटपाथवर चढवतोस काय गाडी? म्हातारा झालास." तो हसला. म्हणाला, "अंदाज चुकतो रे हल्ली." वहिनी हसल्या. आम्ही वर जाऊन कांदेपोहे खाल्ले.

काचबिंदू आधी कडेचं दिसणं खातो. माणसाला पत्ता लागत नाही, कारण समोरचं नीट दिसत असतं, पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो. दादाची डावीकडची नजर जात होती आणि ते चाकांवर लिहिलेलं होतं, स्वच्छ, तारीखवार. हजारो गाड्यांचे ओरखडे वाचून पोट भरणाऱ्या मला सख्ख्या भावाचे वाचता आले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचलो तेव्हा एक डोळा गेल्यातच जमा होता आणि दुसऱ्यात बांगडीतून बघावं एवढं उरलं होतं. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही. आहे ते धरून ठेवायचा प्रयत्न करू. पण शेवटचा टप्पा कधी कधी फार पटकन येतो, तेवढी मनाची तयारी ठेवा." आणि वर बजावलं, मान खाली घालून वाकून फार वेळ काम करायचं नाही.

दादाने त्याच दिवशी गाडीची किल्ली वहिनींकडे दिली. मग गणपती गेले, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "विजू, ती चाकं मी खराब केलीत. मला ती नीट करायचीत. दिसतंय तोवर."

मी म्हटलं, "गाडी चालवणार कोण आता?"

"चालवायचं कुठे म्हणालो मी? बघायचीत."

वहिनींचं म्हणणं, पितृपंधरवड्यात नवीन काही सुरू करू नये. दादा म्हणाला, "नवीन कुठे आहे? जुनंच आहे सगळं, माझ्यासकट." दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्या दिवशी चारही चाकं झळकली पाहिजेत, असं त्याने ठरवून टाकलं. म्हणजे पंचवीसेक दिवस, चार चाकं. माझं काम फिरतीचं, सकाळ माझ्या हातात असते. रोज साडेसहाला मी स्कूटर काढून मुलुंडला जायचो आणि साडेनऊपर्यंत आम्ही दोघे बिल्डिंगच्या मागच्या बाजूला असायचो, पाण्याच्या टाकीजवळ.

वाकायचं नाही म्हणून आम्ही पाणी साठवायचं निळं पिंप उपडं घातलं आणि त्यावर चाक ठेवलं. उभ्याने काम. टायर काढायला कोण नेणार, म्हणून टायर आणि चाकाच्या मधल्या फटीत पुठ्ठ्याचे तुकडे गोल खोचायचे, म्हणजे टायरला रंग लागत नाही. पुठ्ठा म्हणून दादाने जपून ठेवलेल्या लग्नपत्रिका काढल्या. घरात दोन पिशव्या भरून होत्या. वहिनी कात्री घेऊन पायरीवर बसल्या आणि प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती आधी कापून वेगळा काढायला लागल्या. गणपतीवर स्प्रे मारायचा नाही म्हणजे नाही. "ही तुमच्या मामेभावाच्या मुलीची," असं म्हणत त्या एकेक पत्रिका वाचायच्या, "हिचा तर घटस्फोटही झाला." आणि तिचा तुकडा फटीत जायचा.

पहिलं चाक डावीकडचं पुढचं. आधी साबणाने धुतलं. मग रंग काढायचं औषध लावलं, तेव्हा जुनं लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, दुधावरच्या सायीसारखं सुरकुतून वर आलं. त्याखाली ॲल्युमिनियमला पांढरी कीड लागल्यासारख्या रेघा होत्या. फुटपाथचे खड्डे पुट्टीने भरले. मग घासणं. जाड पॉलिशपेपर, त्याहून बारीक, मग पाण्यात बुडवून सगळ्यात बारीक. दादाने वहिनींचे भांडी घासायचे रबरी हातमोजे मला दिले आणि स्वतः उघड्या हाताने घासायला लागला. मी घासून "झालं" म्हणायचो, तो बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "कुठे झालं? इथे आहे." मला काही दिसायचं नाही. मग मी डोळे मिटून बोट फिरवायचो, तेव्हा लागायचं.

दुसऱ्या मजल्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडायचे, "अहो, वास येतोय वरपर्यंत." दादा मान वर न करता म्हणायचा, "खिडकी लावून घ्या अर्धा तास, तुमच्याच गाडीचा नंबर आहे पुढचा." ते खरंच एकदा खाली आले आणि स्वतःच्या चाकांकडे बघत उभे राहिले.

पहिल्या चाकावर रुपेरी रंग चढला आणि वर लॅकर, तेव्हा दादाने चोवीस तास थांबून ते पिंपावर फिरवून पाहिलं. कोंबडीसारखी मान तिरकी करून, उरलेल्या बांगडीत एकेक आरा आणत. पाचही आरे बघून झाल्यावर म्हणाला, "आलं बघ." एवढंच. पण तो मग वहिनींना वरून बोलावून आणायला स्वतः जिना चढला.

त्या सकाळी मी सुखी होतो, हे लिहायची मला लाज वाटते. भावाचे डोळे जात होते आणि मी सुखी होतो. लहानपणी नऊ वर्षांच्या अंतराने त्याने मला कधी खेळायला घेतलं नव्हतं. आता कोपराला कोपर लावून आम्ही उभे होतो, वहिनी कपबशीतून चहा आणत होत्या, आणि शेजारच्या पाडलेल्या इमारतीची धूळ आमच्या रंगावर बसू नये म्हणून मी जुनी चादर धरून भिंतीसारखा उभा राहत होतो. मला वाटायला लागलं होतं की हे असंच चालेल. चार चाकं संपेपर्यंत डोळे थांबतील.

ते थांबले नाहीत. दुसऱ्या चाकाच्या वेळी दादाला पॉलिशपेपरच्या मागचा नंबर वाचता येईना. तो अंगठ्याने चोळून ओळखायचा, आणि बरोबर ओळखायचा, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या चाकाला त्याने स्प्रेचा डबा धरला आणि पहिला फवारा चाकाच्या बाजूने निघून माझ्या पँटवर आला. त्याने डबा माझ्याकडे दिला. "आता तू मार. मी ऐकतो." आणि खरंच तो मागे उभा राहून ऐकायचा. "फार जवळ आलास, आवाज जड झाला." "हात थांबला तुझा, ओघळ येईल." येत होताच.

मग तो विचारायचा, "कसं दिसतंय?"

मी त्याला माझ्या अहवालात लिहितो तसं सांगायचो. उजवीकडून दुसऱ्या आऱ्यावर संत्र्याच्या सालीसारखं आलंय. नटाच्या भोकापाशी दोन ठिकाणी धुळीचा कण. खालची कडा चांगली. तो डोळे मिटून ऐकायचा, उघडे ठेवून तरी काय, आणि मान हलवायचा. "असंच सांगायचं. गोड बोलायचं नाही. तुझ्या डोळ्यांवर काम चाललंय माझं." एकदा वहिनी म्हणाल्या, "छान तर दिसतंय की," तर तो म्हणाला, "तू नको सांगू. तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. विजू खरं सांगतो."

चौथं चाक नवरात्रात आलं. उजवीकडचं मागचं. या चाकावर ओरखडे फारसे नव्हतेच, सगळ्यात सोपं ते. पण परतीच्या पावसाची एक सर दुपारी येऊन गेली, हवा दमट झाली आणि लॅकर पांढरट पडलं, काचेवर वाफ धरावी तसं. मी सांगितलं तसं. दादा म्हणाला, "काढ. पुन्हा घास." घासलं. दोन दिवस गेले. तोवर त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, पण आम्ही त्यावर बोलत नव्हतो. डॉक्टरीणबाईंकडे दसऱ्यानंतर जायचं ठरलं होतं. नवमीच्या सकाळी मी लॅकरचा शेवटचा हात मारला.

तेव्हा त्याचा हात पुढे आला. सवयीने. मी जवळजवळ ओरडलोच, "हात लावू नकोस, ओलं आहे." त्याने हात झटकन मागे घेतला आणि पाठीशी दुसऱ्या हातात धरून ठेवला. त्याला बघायचं म्हणजे आता हातच लावायचा, आणि ओल्या रंगाला नेमकं तेवढंच चालत नाही. तो म्हणाला, "किती दिवस?" मी म्हटलं, उद्या बसवू. तो म्हणाला, "या हवेत दोन दिवस तरी दे. वरून सुकतं, आतून नाही." मी म्हटलं, "दादा, दसरा उद्या आहे." त्याने वाद घातला नाही.

दसऱ्याला सकाळी मी चाकाला आतल्या बाजूने नख लावून पाहिलं. कडक लागलं. चाक बसवलं, नट आवळले, जॅक काढला. वहिनी नव्या साडीत ताट घेऊन खाली आल्या. झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबं. बॉनेटवर त्यांनी ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं. चाकांना कुंकू लावणं त्यांच्या मनातही नव्हतं. मीच म्हणालो, "वहिनी, चाकांना लावा ना. एवढी मेहनत केलीय यंदा." त्यांनी प्रत्येक चाकाला हळद लावली, कुंकू लावलं, पाच आऱ्यांना पाच बोटं. दादाने अंदाजाने नमस्कार केला. मी फोटो काढला. त्या फोटोत चारही चाकं अशी झळकतायत की बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. आवाज बारीक केला होता. "भाऊजी, जरा येऊन जाता का? यांना काही बोलले नाहीये मी."

तीन चाकांवरचं हळदकुंकू ओल्या फडक्याने निघालं होतं. चौथ्यावरचं आत उतरलं होतं. मऊ लॅकरने ते पिऊन टाकलं होतं. पाच लाल ठिपके, भोवती पिवळी कड. मी तिथेच थांबायला हवं होतं. आठ दिवस सुकू देऊन मग घासलं असतं तर एका सकाळचं काम होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझ्या डोक्यात एकच, दादा खाली यायच्या आत हे निघालं पाहिजे. मी फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि घासलं. लॅकर चिकट झालं, कुंकू पसरलं, रुपेरी रंग त्याच्याबरोबर ओढला गेला, आणि दोन आऱ्यांवर खालचा राखाडी प्रायमर उघडा पडला. पंचवीस दिवसांचं काम मी पाच मिनिटांत मातीत घातलं.

मागून कठड्याला हात घासत येणारा आवाज आला. "विजू, स्कूटर ऐकली तुझी. आता सुकलं असेल ना? बघू दे."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. दादा पिंपाशी येऊन उभा राहिला, मग गाडीच्या अंगावर हात ठेवत मागच्या चाकापाशी आला आणि उकिडवा बसला. वाकायचं नाही याची कोणी त्याला आठवण करून दिली नाही. त्याने चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने, म्हणजे थोडा चुकीच्या बाजूला, वळवला.

"कसं दिसतंय?"

"झकास," मी म्हणालो. "आरसा झालाय दादा. तोंड दिसतंय."

त्याला वाईट वाटू नये म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. ते खोटं आहे. घाई माझी होती, कुंकू लावायला मी सांगितलं होतं, थिनर मी घेतलं होतं, आणि त्याच्यासमोर हे कबूल करायची माझी हिंमत नव्हती. आंधळ्या माणसासमोर खोटं बोलणं सोपं असतं, म्हणून बोललो. इतकंच होतं ते.

त्याने हात पुढे केला आणि बोटं आऱ्यावर ठेवली. पहिल्या आऱ्यावरून ती सरळ खाली गेली. दुसऱ्यावर मध्येच थांबली. मागे आली, पुन्हा गेली. तिथे चिकट होतं, मग एक पायरी होती, मग खरखरीत. त्याने बोटं नाकाशी नेली. थिनरचा वास माझ्या हातांना, फडक्याला, सगळ्या हवेला येत होता. शेजारच्या बांधकामावर कोणीतरी सळ्या टाकत होतं.

"हं," दादा म्हणाला. "छान झालंय." आणि वहिनींच्या दिशेने हात केला. "चल, वर जाऊ."

पुढच्या रविवारी मी ते चाक पुन्हा काढलं. एकट्याने, पिंपावर ठेवून. औषधापासून सगळं. पुरते दहा दिवस सुकवलं. या वेळी ते खरोखरच चारांत सगळ्यात चांगलं झालं. मी वर गेलो आणि म्हटलं, "दादा, खाली येतोस? चाक बघ एकदा." तो रेडिओ ऐकत बसला होता. म्हणाला, "तू बघितलंस ना? मग झालं." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, पाया पडलो असतो, काहीतरी केलं असतं.

त्यानंतर वर्षभराने वहिनींनी मला सांगितलं. त्यांच्याने राहवलं नव्हतं. मी खोटं बोललो त्याच दिवशी जेवताना त्यांनी दादाला चाकाचं काय झालं ते सांगून टाकलं होतं. तो म्हणाला होता, "कळलं मला. तू बोलू नकोस त्याला काही. तो उद्या सांगेल." दुसऱ्या दिवशी त्याने वाट पाहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. वहिनी म्हणाल्या, "आठवडाभर तुमच्या स्कूटरचा आवाज आला की हे रेडिओ बंद करायचे, भाऊजी."

मग मी सांगितलं. वर्षभर उशिरा, समोर बसून, एकही शब्द न गाळता. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "माहितीये रे. बरं केलंस सांगितलंस." आणि चहा टाकायला सांगितला. मला वाटलं, सुटलो.

गाडी अजून तिथेच मागे उभी आहे. आता बिल्डिंगही पाडायची आहे, सेक्रेटरींनी सगळ्या बंद गाड्या हलवायची नोटीस लावलीय. टायर बसलेत, काचांवर बोटभर धूळ आहे. चाकं मात्र चांगली आहेत. जाता-येता लोक थांबून बघतात म्हणे.

मी अजूनही दर रविवारी जातो. दादा माझ्याशी नीट बोलतो. माझ्या गुडघ्याची चौकशी करतो, कामाचं विचारतो, मॅचचं बोलतो. आता त्याला उजेडही कळत नाही. गेल्या रविवारी वहिनींनी त्याच्यासाठी दसऱ्याचा नवा शर्ट आणला होता. तो घालून तो बाहेरच्या खोलीत आला आणि माझ्यासमोर, दोन हातांवर, उभा राहिला. मी तिथे आहे हे त्याला माहीत होतं, आत्ताच आम्ही बोलत होतो. खिशाखाली दुकानातल्या इस्त्रीचा तपकिरी डाग होता, तो मला आल्याबरोबर दिसला. मी तोंड उघडलंही होतं.

त्याने मान स्वयंपाकघराकडे वळवली आणि हाक मारली, "अगं, जरा हात धुऊन बाहेर येतेस? शर्ट कसा दिसतोय ते सांग."